नमुना क्रमांक एक

प्रिय बेडके,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते चाचपून बघशील, आत नकाशा आहे का म्हणून. नाही. या वर्षी नकाशा पाठवलेला नाही. का, तेच सांगायला बसले आहे, पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. बाबा म्हणायचे, थोरलीला दुकानात पाठवलं की ती आधी गावाला वळसा घालते. तेव्हा चष्मा लाव, पायाखाली स्टूल घे आणि शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "सगळं ठीक, लावणी झाली, तू बरी आहेस ना, ठेवते," मोजून चार वाक्यं आणि खट्. पत्र तसं ठेवता येत नाही. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस, मग बहिणीचं पत्र वाचशीलच.

आधी बातमी. माझा तीस वर्षांच्या भातशेतीचा नकाशा या महिन्याच्या वीस तारखेला द्यायचा होता. तो चुकला आहे. थोडाथोडका नाही, शेवटची चार वर्षं सपशेल चुकली आहेत, आणि चूक आपल्या खाचरांपासून सुरू झाली आहे. दुरुस्त करायची तर आपली पाचही खाचरं मला माझ्याच हातांनी भातातून काढावी लागणार होती, आणि ते करण्याआधी तुझ्याशी बोलावं असं मनात होतं. खोटं कशाला लिहू, ते काल दुपारी करून टाकलं. तुझ्याशी बोलायचं राहिलं. नकाशाचं काय, दोन महिन्यांत सरळ होईल. तुझ्यामाझ्यातलं सरळ होईल की नाही, याची मला खात्री नाही, आणि त्याचीच धास्ती आहे.

तू माझी खोली कधी पाहिली नाहीस. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून दुसरं दार. खिडकीतून सायकली ठेवायची शेड आणि शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात. म्हणजे अख्ख्या देशाची शेतं रोज बघणाऱ्या बाईला खिडकीतून गवताची एक काडी दिसत नाही. टेबलावर दोन पडदे आणि एक जुनं भिंग. भिंगाचा आता काही उपयोग नाही, पण मी रुजू झाले तेव्हा तेच आमचं हत्यार होतं. उपग्रहाचे फोटो मोठाल्या कागदांवर छापून यायचे, त्यावर पारदर्शक कागद पसरून आम्ही रंगीत पेन्सिलींनी भात रंगवायचो. नेमका भात वाढीला लागला की आकाशात ढग, आणि फोटोत नुसता कापूस. कितीतरी वर्षं मी ढगांच्या फटींतून भात शोधला. मग रडारचे उपग्रह आले. त्यांना ढग आडवे येत नाहीत, अंधारही नाही. दर बारा दिवसांनी ते डोक्यावरून जातात आणि आपलं काम करतात. तेव्हापासून आम्हाला हंगाम पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसायला लागला.

उपग्रहाला भात दिसत नाही गं. हे मी तुला पूर्वी एकदा सांगितलंय, नको तितकं रंगवून सांगितलंय, त्याकडे येतेच. त्याला आधी पाणी दिसतं. खाचरात पाणी भरलं की रडारच्या फोटोत तो तुकडा काळाकुट्ट होतो. मग रोपं वाढतात तसा उजळत जातो. कापणी झाली की पुन्हा उतरतो. आलेख काढला तर आधी बुडी, मग चढण, मग घसरण. पाणी, हिरवं, कापणी. ज्या तुकड्यात या तिन्ही गोष्टी ओळीने दिसतील तो भाताचा. पण हे कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही. त्याला पहिलीतल्या मुलासारखं बोट धरून दाखवावं लागतं, हे बघ, हे नक्की भाताचं, हे नक्की उसाचं, हे नक्की डबकं. खात्रीच्या अशा शेतांना आम्ही नमुने म्हणतो. कोणीतरी प्रत्यक्ष बांधावर उभं राहून बघून आलेलं असतं, म्हणून तर खात्री. प्रत्येक नमुन्याला क्रमांक असतो. आपली खाचरं पहिल्या वर्षापासून क्रमांक एक. तिथे कोणाला पाठवायची मला गरजच वाटली नाही. कारण तिथे तू होतीस.

मी नऊ वर्षांची असताना होस्टेलला गेले ते तुला नीट आठवणार नाही, तू सहाची होतीस. आई गेली होती. बाबांना दोघींना सांभाळून शेत होईना, आणि मला गणित येत होतं म्हणून नन्सच्या शाळेत फुकट जागा मिळाली. तू मागे राहिलीस, चिखलात, कायम ओल्या पायांनी, म्हणून बेडकी. तुला वाटायचं मी मजेत गेले. रविवारी आम्हाला घरी पत्र लिहायला बसवत. सरळ समास, तिरकं अक्षर, आणि पाकीट बंद करण्याआधी नन ते वाचायच्या. "मला घरी यायचं आहे," असं लिहिलं की कागद परत यायचा, "नीट लिही." मग मी नीट लिहायला शिकले. मी बरी आहे. जेवण चांगलं असतं. भात किती वर आला? एवढ्या एका प्रश्नाला त्यांची हरकत नव्हती. बाबांना लिहायचा कंटाळा, पण तेवढ्याचं उत्तर यायचं. बेडकीच्या घोट्याएवढा. बेडकीच्या गुडघ्याएवढा. एकदा लिहिलं होतं, बेडकीच्या कमरेएवढा आणि बेडकी आता जरा उंच झाली आहे, हे धरून चाल. मी ते पोस्टकार्ड उशीच्या अभ्र्यात ठेवलं होतं. घर म्हणजे मला तेवढंच होतं, तुझ्या अंगावर मोजलेला भात. पुढे मी हेच काम का धरलं असं लोकांनी विचारलं की मी अन्नसुरक्षा वगैरे सांगते. ते ऐकायला चांगलं वाटतं.

नऊ वर्षांपूर्वी मी आले होते, रडारचा पहिला छापील नकाशा घेऊन, ते मात्र तुला आठवतच असेल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तो पसरला आणि शाळेतल्या बाईंसारखं बोट ठेवून सांगत बसले, हे काळं दिसतंय ना, ते तुझं पाणी. तू कधी पाणी सोडतेस, कधी लावणी करतेस, सगळं मला तिकडे बसून कळतं. तू हात पुसत म्हणालीस, "म्हणजे आता आंघोळही आतच करायला हवी." मग जरा वेळाने विचारलंस, "पाणी दिसलं की तुला बरं वाटतं?" मी म्हटलं, "अगं, पाणी दिसलं की मला कळतं, तू ठणठणीत आहेस." फार सहज बोलून गेले. जाताना तुला गंमत म्हणून उपग्रहाच्या फेऱ्यांच्या तारखांचा कागद दिला, आणि पुढे दरवर्षी नकाशाबरोबर पुढच्या वर्षीचा नवा कागद पाठवत राहिले. तुझं दरवर्षी एकच उत्तर, "पोचलं." ऑफिसात मी मिरवायचे, आमची धाकटी बघा, घड्याळ लावून घ्यावं तिच्यावर.

आता चुकीकडे येते. चार वर्षांपूर्वी आमची जीप मोडीत गेली आणि फिरती बंद झाली. नवे नमुने येईनात, म्हणून जुन्यातले जे मला छातीठोक माहीत होते त्यांवरच काम चालवलं. त्याच वर्षी कॉम्प्युटरने क्रमांक एकला नापास केलं. म्हणे पाणी आहे, हिरवं आहे, पण कापणीची घसरण नाही. पीक वाढलं ते वाढलं, सहा महिने उभंच, आणि पुढच्या हंगामात एकदम पाणी. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? शेत बघून यावं. मी काय केलं? मी नियमच काढून टाकला. आपल्या खाचरांत भात आहे हे मला माहीत होतं, तेव्हा कापणी दिसलीच पाहिजे हा नियमच चुकीचा असणार, असं मी ठरवलं. त्याला कारणंही शोधली. कापणी यंत्राने होत असेल, धसकटं उंच राहत असतील, पेंढा शेतातच पडून असेल. वर सही केली. तेव्हापासून जे जे ओलं आणि हिरवं ते ते भात, असं ते यंत्र शिकलं. नदीकाठची दलदल भात, पडीक जमिनी भात, मोडक्या तळ्यांचे काठ भात. तिकडे गावंच्या गावं शेती सोडत होती आणि माझ्या नकाशात भात वाढत होता. साहेब खूश. मीसुद्धा, बेडके. मला वाटायचं, चला, सगळे टिकून आहेत.

आमच्याकडे एक मुलगी आहे. मुलगी म्हणते, पण पस्तिशीची आहे, तिला एक लेक आहे. प्रत्येक गोष्टीवर हिची शंका, म्हणून सगळे तिला शंकाबाई म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. गेल्या महिन्यात ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, हे क्रमांक एक चार वर्षं उभंच आहे. हे कापतात कधी?" मी म्हटलं, "कापतात गं. फोटोत आलं नसेल, ढग असतील." ती म्हणाली, "रडारला ढग दिसत नाहीत, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलंत." मी म्हटलं, "ते माझं माहेर आहे. मला माहीत आहे." ती जागची हलली नाही. मग हळूच म्हणाली, "आणखी एक आहे. आधी पाणी कधी या फेरीत दिसायचं, कधी पुढच्या. या चार वर्षांत दर वेळी एकाच फेरीत दिसतंय. एकदाही मागेपुढे नाही." लावणी करणारं माणूस इतकं वक्तशीर नसतं. रोपं मागे पडतात, बायका मिळत नाहीत, पंप बिघडतो. इतकं वेळेवर फक्त एकच काम होतं, ज्यात पाणी सोडण्याशिवाय दुसरं काही करायचं नसतं.

तरी मी तुला फोन केला नाही. केला असता तर तू म्हणाली असतीस, सगळं ठीक. आणि मी विश्वास ठेवला असता. मी शंकाबाईला पाठवलं. आता जीपही नवी मिळाली होती. ती तुझ्याकडे आली तेव्हा तू तिला आधी विजेचं मीटर वाचणारी समजलीस आणि मीटर दाखवलंस, हे तिने हसत सांगितलं. पुढचं हसत नाही सांगितलं. तू तिला चहा दिलास, पण घराच्या मागच्या दाराशी अशी उभी राहिलीस की तिला शेत दिसू नये. "भात लावते मी," म्हणालीस, "दरवर्षी लावते." पण तिला शंकाबाई उगाच म्हणत नाहीत. ती कप विसळून ठेवायला म्हणून आत गेली आणि चुलीशेजारच्या भिंतीवर तिने माझा कागद पाहिला, उपग्रहाच्या तारखांचा. प्रत्येक वर्षाचा एक, एकावर एक टाचलेले, आणि प्रत्येकावर लावणीच्या दिवसांतली एक तारीख पेन्सिलीने गोल केलेली. मग ती निरोप घेऊन रस्त्याने निघाली आणि पाटाच्या बाजूने वळून खाचरांवर गेली. पाणकणीस, दलदलीत माजतं ते उंच गवत. छातीएवढं, वाळलेलं, बोंडं फुटून कापूस उडत असलेलं. पाचही खाचरांत. बांध कुठला आणि खाचर कुठलं ते कळेना, म्हणाली.

तिथे तिला पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी भेटला. तो बोलका माणूस दिसतो. म्हणाला, "बाईंच्या कंबरेने दगा दिला त्याला पाच वर्षं झाली. लावणीला माणसंही उरली नाहीत. पण पाणी सोडायचं काही सोडत नाहीत. पाट सुटायच्या आधी आम्ही त्यांना वाळलेलं पेटवून देतो, मग काठी टेकत येतात आणि पाटाच्या तोंडाची फळी उचलतात. रिकाम्या शेतात पाणी! मी विचारलं, बाई, बेडूक पाळायचेत का? तर म्हणतात, वरून माझी बहीण बघते." आणि मग त्याने सांगितलं की गेल्या वर्षी त्या फळीशी तुझा पाय घसरला. तू पाटात पडलीस आणि तो येईपर्यंत कठड्याला धरून पाण्यात उभी होतीस, किती वेळ ते तुलाच माहीत नव्हतं. वर काढल्यावर तू पहिलं काय विचारलंस, तर फळी पूर्ण उघडली का. तू मला तेव्हा फोनवर सांगितलं होतंस, पाय जरा मुरगळला. मी म्हटलं होतं, गरम पाण्याने शेक.

शंकाबाई निघताना तू काठी टेकत रस्त्यापर्यंत तिच्यामागे आलीस. ती खाचरं बघून आली आहे हे तुला कळलं होतं. तू म्हणालीस, "तिला सांगू नका. तिने सांगितलं होतं, भात नसेल तर तिला बहीण नाही." हे तिने मला मान खाली घालून सांगितलं. मला आधी हसू आलं. म्हटलं, काहीतरीच, मी असं कशाला म्हणेन, तिचा काही गैरसमज झाला असेल. दोन दिवस मी हेच घोकत होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात चपलेचा पट्टा तुटला, मी चप्पल हातात घेऊन उभी राहिले, आणि ते सगळं जसंच्या तसं डोळ्यांसमोर आलं. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. तो माशांच्या तळ्यांवाला अंगणात बसून गेला होता, खाचरं खणून तळी करू म्हणत. मला सकाळची गाडी पकडायची होती, माझा प्रबंध अडकला होता, आणि मी पेंढ्याच्या चुंबळीने शहरी बुटांवरचा चिखल काढत होते. तू खांबाला टेकून म्हणालीस, "त्याला हो म्हणू या का ताई? मी एकटी कशी करू?" आणि मी बुटावरून नजरसुद्धा वर न उचलता म्हटलं, "या खाचरांत ज्या दिवशी भात नसेल, त्या दिवशी मला बहीण नाही असं मी समजेन." मग दुसरा बूट घेतला.

बेडके, मी ते वाक्य विसरले. हे तुला सगळ्यात जास्त लागेल, पण लिहायलाच हवं. गाडीत बसेपर्यंत विसरले असेन. तू सव्वीस वर्षांची होतीस. मी ते वाक्य अंगणात टाकून निघून आले आणि तू ते उचलून एकतीस वर्षं सांभाळलंस. मी का म्हटलं तसं, ते आता मला कळतं, तेव्हा कळत नव्हतं. भात राहिला नाही तर मी कुठून आले, हेच राहणार नव्हतं. बाबांची पत्रं यायची बंद झाली होती. कोणीतरी तिथे चिखलात उभं राहून माझ्यासाठी ते गाव जिवंत ठेवायला हवं होतं, आणि ते कोणीतरी मी नसणार हे मी आधीच ठरवलं होतं. तुला काय हवं होतं, हे मी विचारलंच नाही. तुला तो तळीवाला आवडत होता का गं? हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

काल दुपारी मी तीस वर्षांचे सगळे नकाशे एकेक करून उघडले. शेवटच्या चार वर्षांत आपला तुकडा मी पडीक म्हणून नोंदवला, आणि कापणीचा तो जुना नियम परत घातला. साहेबांनी सुचवलं होतं, क्रमांक एक गुपचूप गाळून टाका, नमुना खराब निघाला एवढंच लिहा. मी म्हटलं, नमुना खराब नव्हता, मी होते. अहवालात तसंच लिहिलं आहे, अर्थात जरा सभ्य भाषेत. मग मी पहिल्या वर्षापासून पुन्हा बघत आले. मला वाटलं होतं रडू येईल ते शेवटच्या चार वर्षांना. तसं झालं नाही. माझी नजर आधीच्या वर्षांवर अडकली. दरवर्षी पाणी, दरवर्षी हिरवं, दरवर्षी कापणी. ज्या वर्षी तुला कावीळ झाली होती, त्या वर्षीही. ज्या वर्षी पाट फुटला आणि आजूबाजूला कोणी लावणी केली नाही, त्या वर्षी सगळ्या काठावर आपलाच एक तुकडा हिरवा. इतकी वर्षं मी ते बघून म्हणत आले, आपली खाचरं. काल पहिल्यांदा मला त्यात एक बाई दिसली, वाकलेली, एकटी, सव्वीस हंगाम. ते नकाशात तसेच राहतील. ते खरे आहेत, तिथे कोणाला तपासायला पाठवायची गरज नाही. शंकाबाई बाजूला उभी होती, ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या बहिणीला याची एक प्रत द्या." मी म्हटलं, तिला आणखी कागद नकोत, तिला आता माणूस हवं आहे.

आता हे पत्र का, ते. सोमवारी पाट सुटतो आणि मंगळवारी उपग्रहाची फेरी आहे, हे तुझ्या भिंतीवर गोल करून ठेवलेलंच असणार. म्हणून हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे, ते सोमवारच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे. बेडके, फळीला हात लावू नकोस. पाटावर जाऊच नकोस. त्या अंगणात मी जे बोलले ते परत घेते, सगळं, शब्द न् शब्द, आणि बोलले त्याबद्दल तुझी माफी मागते. भात असो, पाणकणीस असो, उद्या तिथे लोक क्रिकेट खेळोत, तू माझी बहीण आहेस. त्या जमिनीचं काय करायचं ते तू ठरव. विकायची, कोणाला द्यायची, तशीच ठेवायची, तू म्हणशील त्या कागदावर मी सही करेन, वाचूनसुद्धा बघणार नाही. मंगळवारी मला मोठ्या मीटिंगमध्ये उभं राहून ही चूक सांगायची आहे, ती सांगून मी निघते. तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचंच आहे, तोवरची सगळी रजा टाकली आहे. बुधवारी दुपारच्या गाडीने पोचेन. गुरुवारी सकाळी दहाला तुझ्या कमरेसाठी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे, जीप दारापर्यंत येईल. तेव्हा तुला मला जे काही बोलायचं असेल, ओरडायचं असेल, एकतीस वर्षांचं जे काही साठलं असेल, त्यासाठी बुधवारची अख्खी संध्याकाळ मोकळी आहे. मी मध्ये बोलणार नाही.

वाटेवर असलेली, तुझीच,
ताई